हो चि मिन्ह नावापुरते होते? एका प्रतिक्रियेला उत्तर

‘एक वाचक’ या नावाने लिहिणारे महोदय,

उत्तर व्हिएतनामचे राष्ट्राध्यक्ष हो चि मिन्ह आणि व्हिएतनाम युद्ध यांवरच्या माझ्या लेखावर आपण दिलेली प्रतिक्रिया काल रात्री वाचली. राग आला, म्हणून सकाळपर्यंत थांबलो. राग पुरता गेलाय असं नाही.

आपलं म्हणणं असं की १९६० नंतर उत्तर व्हिएतनामची सूत्रं कम्युनिस्ट पक्षाचे प्रमुख ले दुआन यांच्या हाती होती, हो चि मिन्ह नावापुरते उरले होते आणि मी "चार पानं चाळून आरती ओवाळली". शिवाय मृत्यूची तारीख चुकली आणि जमीनदारांच्या जमिनी काढून वाटण्याच्या मोहिमेतल्या, म्हणजे जमीन सुधारणेतल्या, हत्यांबद्दल मी गप्प बसलो.

तारखेचं आधी. मी ३ सप्टेंबर १९६९ लिहिलं होतं, खरी तारीख २ सप्टेंबर. चूक माझी, दुरुस्त केली आहे. व्हिएतनामच्या राष्ट्रीय दिनीच मृत्यू झाला म्हणून पक्षानेच ३ तारीख जाहीर केली होती आणि १९८९ पर्यंत तीच सांगितली. तरीही मी तपासायला हवं होतं.

आता "चार पानं चाळून". माझे वडील लष्कराच्या सिग्नल्समध्ये हवालदार होते. व्हिएतनामचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग करणाऱ्या १९५४ च्या जिनिव्हा करारानंतर भारत, पोलंड आणि कॅनडा यांचा देखरेख आयोग नेमला गेला, त्याच्या कामावर ते तिकडे होते. बेन हाय नदीवरच्या पुलाबद्दल ते किती वेळा बोलले असतील! पुलाच्या मधोमध सीमेची रेघ आणि दोन्ही काठांवर एकमेकांकडे तोंड केलेले प्रचाराचे कर्णे. येताना त्यांनी काळ्या लाखेचा एक डबा आणला होता. आई त्यात वाती ठेवायची. झाकणावरची शिंपल्याची नक्षी चाचपत मी हा देश ऐकला. उत्तरेत दुभाष्याशिवाय कळणारे दोनच शब्द होते, असं वडील म्हणत: ‘बाक हो’, म्हणजे हो काका. हे तुम्हाला कुठल्या पानावर सापडणार होतं?

आणि नावापुरत्या माणसाला शत्रू पत्रं लिहितो का? फेब्रुवारी १९६७ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांनी पत्र लिहिलं ते हो चि मिन्ह यांना. जुलै १९६९ मध्ये त्यांच्यानंतरचे अध्यक्ष निक्सन यांनीही त्यांनाच. त्याला २५ ऑगस्टचं उत्तर गेलं तेही त्यांच्याच सहीने, मृत्यूच्या आठवडाभर आधी. लढाईचे डावपेच ले दुआन ठरवत होते, हे मी कुठे नाकारलं? डिसेंबर १९६३ मध्ये दक्षिणेत जोर लावायचं ठरलं त्यात त्यांचाच पुढाकार होता, १९६८ ची टेटची, म्हणजे नववर्षाच्या सणात दक्षिणेवर केलेल्या हल्ल्यांची, मोहीमही त्यांचीच. पण विशीतली पोरं चुओंग सोनच्या डोंगरवाटांनी दक्षिणेत उतरली ती कोणाच्या शब्दावर? "स्वातंत्र्याहून मोलाचं काही नाही", हे जुलै १९६६ चं आवाहन हो काकांचं होतं. मॉस्को आणि पेकिंग (आताचं बीजिंग) एकमेकांच्या उरावर बसले होते, तरी दोघांचीही शस्त्रं हनोईत पोचत होती. दोन्हीकडे ज्याचा शब्द चालेल असा माणूस हनोईत दुसरा कोण होता?

जमीन सुधारणा हा १९५३ ते ५६ चा विषय. माझा लेख युद्धावर होता. इथे त्यात शिरणार नाही.

मुद्दे हवे तितके कडक मांडा, उत्तर देईन. पण टोपणनावाआड बसून शिकवणी घेऊ नका. आणि ‘आरती’ हा शब्द मला वडिलांच्या फोटोखाली बसून वाचावा लागला, तेवढा तो मागे घ्या.