स्पीकरच्या चष्म्याबद्दल खुलासा

‘स्पीकरवाल्या चष्म्यातला आवाज हाडातून जातो, कानाच्या पडद्याला लागत नाही, म्हणून कितीही मोठा लावा’ असा मेसेज सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे आणि घातकही.

२०१३ च्या गूगल ग्लासमध्ये हाडातून कंप पाठवणारा भाग होता, हे खरं. पण बोस फ्रेम्स किंवा रे-बॅन स्टोरीज (२०२१) यांच्या काड्यांमध्ये साधे छोटे स्पीकरच आहेत. काडी कानाजवळ नीट बघा, बारीक फटी दिसतील. आवाज तिथून हवेतून कानात जातो, पडद्यावरच आदळतो. शेजारच्याला तो कमी ऐकू येतो, कारण दुसऱ्या फटीतून उलट्या लहरी सोडून बाहेर जाणारा आवाज बराचसा मारलेला असतो. पूर्ण नाही, शांत खोलीत ऐकू येतोच.

आणि हाडातून गेला तरी काय? आवाज शेवटी आतल्या कानातच पोचतो. तिथल्या नाजूक पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. या चष्म्यांत कान उघडा राहतो, त्यामुळे रहदारीत गाणं नीट ऐकू येत नाही आणि माणूस आवाज वाढवतच जातो. खरा धोका इथे आहे. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास अशी आहे, आणि ती चष्म्यालाही लागू आहे.