‘तुम्ही फक्त पावत्या फाडल्यात’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

हमालांच्या युनियनमधल्या माझ्या दिवसांवर लिहिलेल्या लेखाखाली तुमची प्रतिक्रिया आली. मी ती दोन-तीनदा वाचली. चाकणजवळ तुमचा छोटा कारखाना आहे. माल उतरवायला तुमची माणसं आणि फोर्कलिफ्ट असताना चार जण गेटवर आले, ‘आम्ही माथाडी, आमची वाराई द्या’ (माथाडी म्हणजे ओझी वाहणारे हमाल, वाराई म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी) म्हणाले आणि दोन तास ट्रक अडवून रोख पैसे घेऊन गेले. गर्दीच्या दिवसांत तुम्ही नाक्यावरून माणसं आणता, तेव्हा कुणाची तक्रार नसते, हेही तुम्ही लिहिलंय. आणि शेवटी : ‘तुम्ही लोकांनी चाळीस वर्षं फक्त पावत्या फाडल्यात. हमालाचं ओझं यंत्रानं कमी केलं, युनियननं नाही.’

तुमच्या गेटवर जे झालं ती खंडणी होती. त्याला दुसरं नाव नाही. काम न करता पैसे मागायचा हक्क माथाडी कायदा कुणालाही देत नाही. उलट मजुरीचे पैसे हातोहात फिरू नयेत म्हणून तर माथाडी बोर्ड, म्हणजे त्या कायद्याखालचं मंडळ, आलं. मालक मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही, म्हणजे जादा आकार, बोर्डात भरतो, बोर्ड कामगाराला पगार देतं आणि लेव्हीतून त्याचा फंड, बोनस, रजा, ग्रॅच्युइटी, दवापाणी भागवतं. ते चौघे नोंदीतले असोत की बनावट, गेटवर रोख मागितली तिथेच ते कायद्याच्या बाहेर गेले.

पण यंत्राबद्दल तुम्ही लिहिलंत ते मला मान्य नाही.

माझे वडील भवानी पेठेतल्या भुसार बाजारात हमाल होते. तेव्हा पोतं शंभर किलोचं. दोघांनी उचलून पाठीवर द्यायचं, मग एकट्यानं फळीवरून चढायचं आणि आत थप्पी लावायची. दोन खांद्यांच्या मध्ये, मानेच्या खाली, त्यांच्या कातडीची घट्ट गाठ झाली होती. लहानपणी मी तिच्यावर बोट दाबून बघायचो. त्यांना कळायचंही नाही. आजारी पडले की तेवढ्या दिवसांची मजुरी बुडायची. एकदा फळी सरकली आणि ते पडले. महिना-दीड महिना घरी होते. गाळ्यावरून दिवाणजी एकदा बघायला आले आणि आईच्या हातावर काही रुपये ठेवून गेले. ती माणुसकी होती, मी नाकारत नाही. पण तो हक्क नव्हता. हमालाचा मालक कोण, हाच प्रश्न होता. सकाळी एका आडत्याचा ट्रक, दुपारी तिसऱ्याचा. सगळे म्हणणार, हा आमचा नोकर नव्हे.

या प्रश्नाचं उत्तर यंत्रानं शोधलेलं नाही. पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत बांधली, मुंबईत मशीद बंदरच्या भागात अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना एकत्र केलं, मोर्चे निघाले, संप झाले, आणि 1969 साली कायदा झाला. मालक शंभर असले तरी हिशेब एका जागी, ही त्यातली युक्ती. बोर्डावर सरकार, मालक आणि कामगार तिघांचे प्रतिनिधी. एक मालक नसलेल्या माणसालाही फंड मिळू शकतो, हे हमालांनी दाखवून दिलं. 1974 साली पंचायतीनं ‘कष्टाची भाकर’ सुरू केली, तेव्हा हमालाला स्वस्तात पोटभर जेवण आपल्याच संस्थेत मिळायला लागलं. आणि शंभराचं पोतं पन्नासवर आलं ते फोर्कलिफ्टमुळे नाही. बाजारातल्या गाळ्यांवर आजही माल माणसाच्याच पाठीवरून चढतो-उतरतो. पन्नासच्या वरचं पोतं उचलणार नाही म्हणून आम्ही काम बंद ठेवून बसलो होतो. त्या दिवसांत घरात काय शिजत होतं ते माझ्या बायकोला विचारा.

हो, पावत्या मी फाडल्या. दर महिन्याला पावतीपुस्तक काखेत घेऊन गाळ्या-गाळ्यांवर फिरलो. वर्गणी देणारा हमाल घामेजल्या बोटांनी पावतीची घडी करून टोपीत ठेवायचा. त्याच्या नावानं कुणीतरी कागद लिहिलाय, याचं त्याला मोल होतं. म्हणून तो शब्द मला लागला.

मी चुकलो ते वेगळ्या ठिकाणी. टोळीतली, म्हणजे हमालांच्या नोंदीतल्या गटातली, जागा पैसे घेऊन दुसऱ्याला द्यायची पद्धत आमच्यात शिरली, तेव्हा मला ती माहीत होती. एका म्हाताऱ्या हमालानं मुलीच्या लग्नासाठी आपला नोंदणीचा बिल्ला असाच दिला. घेणारा पाठीला पोतं लावणारा नव्हता. त्यानं बदली माणूस ठेवला आणि स्वतः पगार घेतला. मी बोललो नाही. आपल्याच माणसाविरुद्ध कसं जायचं, असं वाटलं. तुमच्या गेटवर आलेल्या चौघांची वाट अशाच गप्प बसण्यातून तयार झाली, हे मी आज मान्य करतो. दुसरं म्हणजे गाळ्यांवर धान्य निवडणाऱ्या, सांडलेलं झाडून गोळा करणाऱ्या बाया. आमच्याच गल्लीत, आमच्याच सोबत धूळ खात बसायच्या. त्यांची नोंद व्हावी हे मला फार उशिरा सुचलं, आणि तोवर त्यांतल्या कितीतरी जणी दम्यानं घरी बसल्या होत्या. या गोष्टीचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

2023 साली कायद्यात बदल करणारं विधेयक आलं तेव्हाही कारण तुमचंच दिलं होतं, बनावट माथाडींची दादागिरी. आम्ही विरोध केला. खंडणीखोराला पकडायला पोलीस आहेत. त्याच्यासाठी खऱ्या हमालाचं संरक्षण कशाला पातळ करायचं?

आता तुमच्या नाक्यावरच्या माणसांविषयी. त्यांची तक्रार नसते, कारण तक्रार केली तर उद्या कुणी बोलावणार नाही. त्यांतला एखादा तुमच्या आवारात फळीवरून पडला तर त्याचं नाव कुठल्या वहीत सापडेल?

पुढच्या वेळी गेटवर कुणी आलं तर बिल्ला आणि नोंदणी क्रमांक मागा, रोख देऊ नका, आणि बोर्डात व पोलिसांत लेखी तक्रार द्या. मी तुमच्याबरोबर येतो. त्याच फेरीत नाक्यावरच्या माणसांच्या नोंदणीचे अर्जही घेऊन येऊ. नावं आणि गाव लिहून आणा, बाकीचे रकाने मी भरतो.