टेपने आवाज बदलतो, स्पंजबद्दल मात्र माझं चुकलं

नमस्कार,

इअरफोनमध्ये घरगुती बदल करण्याबद्दलच्या माझ्या लेखावर तुम्ही दिलेल्या प्रतिक्रियेला उत्तर द्यायला तीन आठवडे लागले. तुम्ही जे विचारलंत ते पुन्हा करून पाहिल्याशिवाय काही लिहिणं मला पटेना.

बाकीच्या वाचकांसाठी आधी थोडक्यात. त्या लेखात मी एकच ड्रायव्हर (आवाज काढणारा पडदा असलेला भाग) असलेल्या साध्या वायरवाल्या इअरफोनवर तीन गोष्टी केल्या होत्या: आतल्या बाजूच्या बारीक छिद्रावर कागदी सर्जिकल टेप लावली, नॉझलमध्ये, म्हणजे आवाज बाहेर पडतो त्या तोटीत, स्पंजचा तुकडा ठेवला आणि टिप, म्हणजे कानात बसणारी मऊ टोपी, बदलली. मग लिहिलं की आता तो माझ्याकडच्या महागड्या जोडीच्या जवळ जातो, बेस (खर्ज) भरला आणि ट्रेबल (वरचे तीव्र स्वर) मऊ झाला. त्यावर तुमचं म्हणणं असं: आवाजाची पातळी समान न करता, डोळे झाकून न ऐकता केलेली तुलना म्हणजे निव्वळ भास. शिवाय हे सगळं इक्वलायझर (खालचे-वरचे स्वर वेगवेगळे कमी-जास्त करणारी सोय) करतो, मग चांगली वस्तू कशाला उसवायची? आणि डाव्या-उजव्या इअरफोनच्या आवाजातला फरक टेपने काढण्याचा माझा सल्ला लोकांना भलत्याच वाटेला लावणारा आहे.

पहिल्या मुद्द्यावर तुमचं बरोबर आहे. मी दोन्ही जोड्या फोनच्या एकाच व्हॉल्यूमवर ऐकल्या होत्या. दोन इअरफोनची संवेदनशीलता वेगळी असते, त्यामुळे तितक्याच सिग्नलवर एक मोठा वाजतो आणि एक बारीक. नुसता थोडा मोठा वाजला तरी कानाला तो जास्त भरीव आणि मोकळा वाटतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच दाखवून दिलंय की आवाजाची पातळी बदलली की खर्जाची जाणीव मधल्या स्वरांच्या मानाने वेगळ्या प्रमाणात बदलते. म्हणजे पातळी न जुळवता ‘बेस वाढला’ म्हणण्याला काही अर्थ नाही. हे मला माहीत होतं आणि तरी मी घाई केली.

म्हणून आता काय केलं ते सांगते. पारदर्शक रबरी नळीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा घेतला, एका टोकाला कॉलरला लावतात तसला छोटा माइक घट्ट बसवला आणि दुसऱ्या टोकाला इअरफोनची टिप. मग ५०० हर्ट्झचा सूर वाजवून दोन्ही जोड्यांची पातळी जुळवली. फोनच्या व्हॉल्यूमची एक पायरी फार मोठी पडते, त्यामुळे प्लेअर अ‍ॅपमधल्या गेनने डेसिबलच्या दहाव्या हिश्शापर्यंत आणलं. ही नळी म्हणजे प्रयोगशाळेतला कृत्रिम कान नव्हे, पण टेपच्या आधी आणि टेपनंतर असा एकाच इअरफोनचा फरक बघायला ती पुरते.

मग त्याच मॉडेलची दुसरी, हात न लावलेली जोडी मिळवली. घरातल्या एकीने नाणं उडवून ठरवायचं, माझे डोळे बांधलेले, तिनेच इअरफोन हातात द्यायचा आणि मी फक्त सांगायचं की कुठला. प्रत्येक बदलासाठी १६ फेऱ्या. निव्वळ अंदाजाने १६ पैकी १२ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता शंभरात चारच्या आसपास असते, म्हणून १२ ही रेघ आधीच मारून ठेवली होती.

फक्त टेप लावलेली जोडी मी १५ वेळा ओळखली. पण हा आकडा निखळ ऐकण्याचा नाही. छिद्र झाकलं की इअरफोन कानात सारताना हवेचा दाब जाणवतो, कानाच्या पडद्यावर हलकंसं बोट टेकल्यासारखा. तो जाणवला की कान उत्तर ऐकायच्या आधीच देऊन मोकळा होतो. म्हणून मी नळीतल्या मोजणीवर जास्त विसंबते. तिथे ६० हर्ट्झला टेपने साधारण ४ डेसिबल वाढ दिसली आणि दरवेळी तीच दिसली. तेव्हा टेप हा भास नाही, एवढं मी ठामपणे म्हणेन.

स्पंजचा निकाल वेगळा लागला. १६ पैकी १०. इतके तर नशिबानेही सहज येतात. नळीत २,८०० हर्ट्झच्या आसपास जेमतेम १ डेसिबल उतार दिसला. मग लेखात मी ज्या ‘मऊ झालेल्या ट्रेबल’चं कौतुक केलं तो आला कुठून? टिपेतून. स्पंज आणि नवी टिप मी एकाच दिवशी बदलली होती आणि श्रेय स्पंजला देऊन बसले. लेखातला तो परिच्छेद आज बदलला आहे आणि का बदलला तेही तिथेच लिहिलं आहे.

टिपेबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात जास्त फरक तिथेच पडतो आणि मूळ लेखात मी तिला एक ओळ दिली होती.

इअरफोन एकटा वाजत नाही. तो, टिप, कानाच्या नळीत अडकलेली हवा आणि कानाचा पडदा हे सगळं मिळून एक वाद्य होतं. ५० हर्ट्झच्या लहरीची लांबी जवळपास ७ मीटर आणि कानातली हवा जेमतेम एक-दोन घन सेंटीमीटर. एवढ्याशा जागेत ती लहर लहर म्हणून राहतच नाही, नुसता दाब वर-खाली होतो. सुईएवढी फट राहिली तरी तो दाब बाहेर निसटतो आणि खर्ज कोसळतो. तबल्यात पाहा, चाटेची किनार शाबूत राहते पण डग्ग्यावर हाताचा तळवा घासून काढलेली मींड पातळ होते. ‘या इअरफोनला बेसच नाही’ अशा तक्रारींत बऱ्याचदा बिचाऱ्या इअरफोनचा दोष नसतो, टिप एक नंबर लहान असते. जबडा हलवून बघा, बेस येतो-जातो का. येत-जात असेल तर आधी टिप बदला, बाकी सगळं नंतर.

दुसरं, टिप किती आत जाते. नॉझलच्या तोंडापासून कानाच्या पडद्यापर्यंत उरलेली हवा बंद नळीसारखी घुमते. ती २० मिमी उरली तर घुमण्याची जागा ढोबळमानाने ८,६०० हर्ट्झला येते, १७ मिमी उरली तर १०,००० च्या पुढे सरकते. तीन मिलिमीटरचा खेळ! माझी जुनी टिप आखूड होती आणि बाहेरच अडकायची. नवी निमुळती आहे, ती आत सरकते. त्यामुळे ‘स’कारावर टोचणारा टोकदार भाग वर निघून गेला आणि तंबोऱ्याची जवारी खरखरीऐवजी तलम ऐकू यायला लागली. तुम्हाला घरी पडताळायचं असेल तर टोन जनरेटर अ‍ॅपवर अगदी कमी आवाजात ५,००० ते १२,००० हर्ट्झ सूर सावकाश सरकवा. एका ठिकाणी तो अचानक किंचाळल्यासारखा होईल. आकडा लिहून ठेवा, टिप आत दाबून पुन्हा करा.

यातूनच तुमच्या इक्वलायझरच्या मुद्द्याचं उत्तर निघतं. तुम्ही म्हणता त्यातलं निम्मं मला पूर्ण मान्य आहे. ३,००० हर्ट्झजवळचा फुगवटा कमी करायचा असेल तर इक्वलायझर स्पंजइतकंच चांगलं काम करतो, उलट जास्त नेमकं करतो. स्पंजने आवाजाचा पोतच बदलतो आणि इक्वलायझरला ते जमत नाही, असं कुणी म्हणालं तर मीही मान्य करणार नाही.

पण वर सांगितलेला टोकदार भाग दर वेळी इअरफोन घालताना थोडा इकडे-तिकडे सरकतो. इक्वलायझरमध्ये ८,६०० ला अरुंद खड्डा खणून ठेवलात आणि आज टिप आत गेली, तर खड्डा एकीकडे आणि डोंगर दुसरीकडे. आणि गळती इक्वलायझरने भरून काढणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतत राहणं. १० डेसिबल खर्ज वाढवायला दहापट शक्ती लागते, ड्रायव्हरच्या पडद्याची हालचाल तिपटीहून जास्त होते, आणि एवढासा पडदा तिथे आवाज फाडायला लागतो. त्यात दोन्ही कानांची गळती सारखी नसते. म्हणून माझा क्रम असा: आधी टिप हवाबंद बसवा, मग काय उरतं ते ऐका, आणि उरलेलं इक्वलायझरला सोपवा. तो क्रम मूळ लेखात नव्हता, तिथे मी थेट टेपवर उडी मारली होती.

‘चांगली वस्तू उसवणं’ या शब्दांशी मात्र मी सहमत नाही. इअरफोन बनवणारे स्वतः हेच करतात. एटिमोटिक या कंपनीच्या १९९१ च्या ईआर-४ या इअरफोनमध्ये नॉझलमध्ये एक इवलासा हिरवा फिल्टर असतो, मळला की काढून नवा बसवायचा. तो फिल्टर म्हणजे हवेच्या वाटेतला मोजूनमापून ठेवलेला अडथळा. श्रवणयंत्रांत असे डँपर पूर्वापार वापरात आहेत आणि रंगावरून त्यांचा रोध कळतो. त्याच ईआर-४ च्या पी प्रकाराला ७५ ओहमची जोडवायर लावली की तो एस प्रकारासारखा वाजायचा. आता तर कित्येक इअरफोनसोबत दोन-तीन नॉझल डब्यातच येतात. हवेच्या वाटेत अडथळा ठेवून आवाज घडवणं हे या वस्तूच्या रचनेतच आहे. माझा स्पंज फसला कारण तो विरळ होता आणि मी त्याचा रोध मोजला नव्हता.

टेपबद्दल एक खुलासा, कारण दुसऱ्या एका वाचकाने लिहिलंय की त्यांचा बेस टेपने उलट कमी झाला. त्यांचंही खरं असू शकतं. कानाच्या बाजूचं छिद्र ड्रायव्हरच्या पडद्यासमोरचा दाब थोडा सोडून देतं, ते झाकलं की खर्ज वाढतो. मागच्या बाजूचं छिद्र पडद्यामागच्या हवेला मोकळीक देतं. ते झाकलं की मागची हवा गादीसारखी ताठ होते, पडदा आखडतो आणि खर्ज घटतो. कागदी टेप यासाठी घ्यायची की ती श्वास घेते, छिद्र पुरतं बुजवत नाही. चिकटपट्टीने गच्च बंद केलंत तर घालताना कागद चुरगळल्यासारखा आवाज येतो, तो ड्रायव्हरचा पडदा वाकल्याचा. तसं करू नका.

राहिला डाव्या-उजव्याचा मुद्दा. तुम्ही रागावून लिहिलंत, आणि तुमचा राग रास्त आहे. परवा याच प्रयोगात डावीकडचा आवाज अचानक खाली गेला. माझा हात सवयीने टेपकडे गेला, पण तुमचं वाक्य आठवलं म्हणून आधी भिंग काढलं. नॉझलच्या जाळीवर अर्ध्या भागात पिवळसर, जवळजवळ पारदर्शक पापुद्रा बसला होता. भोकं दिसत होती, पण उजेडात धरल्यावर त्यांतून प्रकाश येत नव्हता. नॉझल जमिनीकडे तोंड करून धरलं, कोरड्या मऊ ब्रशने हलके झटके दिले, उरलेलं स्पिरिटमध्ये जेमतेम ओलावलेल्या कापसाने टिपलं आणि रात्रभर वाळू दिलं. सकाळी मोनो पिंक नॉइज (दोन्ही कानांत सारखाच वाजणारा सलग खळखळाट) लावला तर आवाज नेमका कपाळाच्या मध्यावर. टेपने मी फक्त मळ झाकला असता.

तेव्हा तो सल्ला मी मागे घेते. त्याऐवजी आता लेखात असं आहे: आधी डावा-उजवा अदलाबदल करून ऐका. फरक कानासोबत राहिला तर कान किंवा टिप बघा, इअरफोनसोबत गेला तर जाळी बघा. जाळी स्वच्छ असूनही फरक राहिला तर तो तुकडाच सदोष आहे, वॉरंटीत बदलून घ्या.

शेवटी वॉरंटीचं विचारलं होतंत. टेप निघते, स्पंज निघतो, टिप तर बदलण्यासाठीच असते. जाळी उचकटली किंवा छिद्र सुईने मोठं केलं की परत फिरता येत नाही, आणि या दोन्ही गोष्टी मी कुणालाच सुचवणार नाही. टेप काढताना कोपऱ्यापासून सावकाश सोला. घामाने ती महिनाभरात सैल होतेच, माझ्या जोडीवरची आज सकाळीच बदलली.