फ्रेडी मर्क्युरीला औषधाने मारलं नाही

"पाचगणीत शिकलेल्या, 'क्वीन' या रॉक बँडच्या गायक फ्रेडी मर्क्युरीला एड्सने नाही, एड्सच्या औषधाने मारलं. आजार लपवल्याने त्याला उपचारही मिळाले नाहीत. चार जादा दातांमुळे त्याचा आवाज चार सप्तकं फिरायचा." व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा हा मेसेज एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीवरच्या, गोळ्या चालू असलेल्या एका ओळखीच्या माणसापर्यंत पोचला आणि त्याने विचारलं, "मग मी बंद करू का?"

नाही. एक दिवससुद्धा नाही.

उपचारच मिळाले नाहीत आणि औषधाने मारलं, ही दोन्ही वाक्यं एकाच मेसेजमध्ये आहेत. पाठवणाऱ्यांनी निदान एकदा वाचायचं होतं.

ते औषध म्हणजे एझेडटी, १९८७ साली मान्यता मिळालेलं एचआयव्हीवरचं पहिलं औषध. मान्यता ज्या चाचणीवरून मिळाली तिच्यात २८२ रुग्ण होते. १४५ जणांना एझेडटी, १३७ जणांना औषध नसलेली कॅप्सूल. चाचणी मुदतीआधीच थांबवली, कारण तोवर औषध नसलेल्या गटात १९ जण दगावले होते आणि एझेडटी घेणाऱ्यांत १. औषध मारत असतं तर हे आकडे उलटे आले असते.

त्रास व्हायचा, हे मात्र खरं. सुरुवातीचा डोस फार मोठा होता, दर चार तासांनी २५० मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाला १५००. अस्थिमज्जेवर, म्हणजे हाडांतल्या रक्त तयार करणाऱ्या मगजावर, परिणाम होऊन हिमोग्लोबिन घसरायचं, काहींना रक्त चढवावं लागायचं. १९९० मध्ये डोस ६०० वर आणला. पण खरी अडचण वेगळीच होती. हा विषाणू स्वतःच्या प्रती काढताना सतत चुका करतो, आणि त्या चुकांतूनच औषधाला दाद न देणारी प्रत निघते. एकटं औषध असलं की काही महिन्यांत तीच प्रत माजते. तीन औषधं एकत्र असली की तिन्हींना चकवणं तिला जवळपास अशक्य होतं. हे तिहेरी उपचार १९९६ च्या सुमारास आले. फ्रेडी २४ नोव्हेंबर १९९१ ला, वयाच्या ४५ व्या वर्षी, एड्समुळे झालेल्या न्यूमोनियाने गेला. शेवटी शेवटी तर वेदनाशामकं सोडून बाकीची औषधं त्याने स्वतःच थांबवली होती, असं त्याचा सहायक पीटर फ्रीस्टोन सांगतो.

आजची गोळी म्हणजे टेनोफोविर ३००, लॅमिव्हुडिन ३०० आणि डोल्युटेग्रॅव्हिर ५० मिलिग्रॅम. रोज एक, सरकारी एआरटी केंद्रात मोफत. बंद केली की काही आठवड्यांत विषाणू पुन्हा वाढतो. कधी घेतली, कधी चुकवली, तर तो औषधालाच सरावतो.

दातांचं सांगायचं तर सूर स्वरयंत्रात तयार होतो, दातांत नाही. २०१६ मध्ये त्याच्या ध्वनिमुद्रणांचा शास्त्रीय अभ्यास झाला, त्यात पल्ला भरला ३७ अर्धस्वर (एका सप्तकात बारा), म्हणजे तीन सप्तकांहून थोडा जास्त. पाचगणी खरी आहे. जन्म झांझिबारचा, घराणं पारशी, शाळा सेंट पीटर्स. तिथल्या 'द हेक्टिक्स' बँडमध्ये तो पियानो वाजवायचा.

आणि लपवणं. आजाराचं जाहीर निवेदन मृत्यूच्या आदल्या दिवशीचं, पण निदान १९८७ चं. मधल्या काळात डॉक्टरही होते आणि कामही. 'द मिरॅकल' आणि 'इन्युएंडो' हे क्वीनचे दोन अल्बम तेव्हाचेच. मे १९९१ मध्ये, धड उभंही राहवत नसताना, त्याने स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोच्या स्टुडिओत 'मदर लव्ह' हे गाणं गायलं. शेवटचं कडवं राहून गेलं; ते पुढे क्वीनचा गिटारवादक ब्रायन मे याने गायलं.