गेलेलं लायसन परत मिळवायच्या काही खात्रीशीर टिपा

आधी अभिनंदन घ्या. पहिल्यांदा पकडलं तेव्हा तीन महिन्यांसाठी लायसन गेलं, ते परत आलं, तुम्ही परत पिऊन गाडी काढली आणि आता ते रद्दच झालंय. एवढं सातत्य लोकांना व्यायामात जमत नाही. असा माणूस घरी बसून कसं चालेल? म्हणून या टिपा, फुकट.

चूक तुमची नव्हतीच हे मनाशी पक्कं करा. नाकाबंदी नेमकी त्याच रात्री कशी लागली, हा खरा प्रश्न आहे.

"दोनच घेतले होते" हे पाठ करून ठेवा. पकडलेला प्रत्येक जण दोनच घेतो. केवढे दोन, ते विचारायचं नसतं.

विज्ञानाला भीक घालू नका. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल गेलं की गुन्हा, हे मर्यादा ठरवणाऱ्यांना काय कळतंय, तुम्हाला तर चढतच नाही. कॉफी प्या, डोक्यावर गार पाणी ओता, मिंट चघळा. मशीन तोंडाचा वास घेत नाही, फुफ्फुसातली हवा तपासतं, आणि लिव्हर तासाला साधारण एक छोटा पेग एवढंच उरकतं, कॉफी ओता नाहीतर काहीही ओता. म्हणजे रात्री दोनपर्यंत बसून सकाळी आठला "झोप झाली, फ्रेश आहे" म्हणत निघालात तरी फुंकल्यावर सापडू शकता. पण हे डॉक्टर लोकांचं झालं, तुम्हाला अनुभव आहे.

फुंकायला सरळ नाही म्हणा. कायदा तो नकारच तुमच्याविरुद्ध धरू शकतो, पण बाणेदारपणा पण काही चीज आहे की नाही!

काही देशांत अशा लोकांच्या इग्निशनलाच मशीन जोडतात, फुंकल्याशिवाय गाडी सुरू होत नाही आणि चालत्या गाडीत मधेच परत फुंकायला लावतं. तर तिथले काही महाभाग शेजारी बसलेल्या पोराला फुंकायला लावतात. नोट करून ठेवा, पुढेमागे उपयोगी पडेल.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ओळखी काढा, सज्जनपणाची पत्रं गोळा करा. याचा ताजा अनुभव आहे. परवा आमच्या ओळखीतले एक गृहस्थ पत्र घेऊन आले, आधीच टाईप केलेलं, "मी यांना अनेक वर्षे ओळखतो, ते निर्व्यसनी व जबाबदार नागरिक आहेत", खाली माझ्या नावापुढे टिंबं टिंबं, फक्त सही मारायची. पंख्याने कागद उडायला लागला तर या निर्व्यसनी माणसाने खिशातून गाडीची किल्ली काढून त्यावर ठेवली. गाडीची किल्ली! लायसन रद्द झालंय म्हणून पत्र मागायला आलेला माणूस स्वतः गाडी चालवत आला होता, आणि खाली गाडीत मागच्या सीटवर त्याची मुलगी बसली होती. वर मलाच म्हणतो, अहो जवळच तर आहे. लायसन रद्द झालेलं असताना चालवली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० दंड किंवा दोन्ही, आणि दुसऱ्यांदा पिऊन सापडलं तर दोन वर्षांपर्यंत. सगळं तोंडपाठ होतं हो त्यांना, वकिलाने सांगितलेलं. फक्त ते आपल्याला लागू आहे एवढंच डोक्यात शिरत नव्हतं.

आणि नाही सही केली तर माणुसकी नाही म्हणे मला. घरचे म्हणतात, एवढं काय, बिचाऱ्याची नोकरी आहे. बिचारा? रस्त्याच्या कडेने चालणारा बिचारा नाही का? आणि त्याला स्वतःची गाडी देणारे मित्र, तुम्ही पण ऐका, लायसन नसलेल्याला किल्ली दिली तर मालकावर पण केस होते.

आता टिपा बास. इतक्या वेळा पकडला गेलात म्हणजे न पकडता किती वेळा चालवलीत त्याचा हिशोब कोणाकडेच नाही. तुम्हाला लायसनची नाही, डॉक्टरची गरज आहे. व्यसनमुक्तीचे उपचार असतात, जा की तिथे, लाज तिकडे जायची वाटते आणि झिंगत स्टेअरिंग धरायची वाटत नाही? वर्षभर न पिता राहून दाखवा, तोवर बसने जा, रिक्षाने जा, पायी जा. ते पत्र मी फाडून टाकलंय. आणि परत किल्ली फिरवत दारात आलात तर गाडीचा नंबर पोलिसांना कळवणार आहे, मग ओळख बिळख काही सांगायची नाही.