एका दिवसात अल्बम? जरा थांबा, भिया

इंदूरच्या मराठी ग्रुपांवर सध्या एक मेसेज राजवाड्यापासून विजयनगरपर्यंत फिरतोय. त्याचा गोषवारा असा : “साठी-सत्तरीतले मेटल बँड आता अल्बम वाजवत नाहीत, कॉम्प्युटर बनवतो. ड्रम मशीन वाजवतं, गिटार एकदा वाजवून कॉपी-पेस्ट करतात, मग सगळ्याचा आवाज वाढवला की झालं हेवी. विनाइल म्हणजे सीडीचीच फाइल प्लास्टिकवर छापून महाग विकणं. दोन-दोन वर्षं लागतात हे मार्केटिंगचं नाटक, कारण रिलीज म्हणजे एक बटण. ब्लॅक सब्बाथनं पहिला अल्बम एका दिवसात केला होता, भिया!”

यातलं शेवटचं वाक्य खरं आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. १६ ऑक्टोबर १९६९ रोजी लंडनच्या रीजंट साउंड स्टुडिओत सब्बाथनं तो अल्बम एका दिवसात वाजवला. निर्माता रॉजर बेन, इंजिनिअरांत टॉम अ‍ॅलम. हे जमलं, कारण गाणी आधीच स्टेजवर घासूनपुसून तयार होती. स्टुडिओत रचायचं काहीच नव्हतं, उभं राहून वाजवायचं होतं. पावसाचा आणि घंटेचा आवाज नंतर जोडला. आणि मेसेज लिहिणाऱ्यानं पुढची तारीख गाळली : तो अल्बम दुकानात आला १३ फेब्रुवारी १९७० ला. म्हणजे एका दिवसाच्या रेकॉर्डिंगलाही बाजारात यायला जवळपास चार महिने लागले. हाच टॉम अ‍ॅलम पुढे ९ मार्च २०१८ ला आलेल्या जुडास प्रीस्टच्या ‘फायरपॉवर’चा अँडी स्नीपबरोबर निर्माता होता. एक दिवस पुरेसा आहे असं त्याला वाटलं असतं, तर हे गुपित त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार होतं?

आता ड्रम. “मशीन वाजवतं” हे म्हणणाऱ्यानं मेटलचा ड्रम सेट रेकॉर्ड होताना पाहिलेला नाही. बारा ते सोळा माइक लागतात : किकच्या (पायानं वाजणारा मोठा ड्रम) आत एक, बाहेर एक, स्नेअरच्या (मधला कडक आवाजाचा ड्रम) वर एक, खाली एक, प्रत्येक टॉमला एक, वर दोन ओव्हरहेड, खोलीत लांबवर दोन. स्नेअरचं वरचं कातडं आत जातं तेव्हा खालचं बाहेर येतं, म्हणून खालच्या माइकची पोलॅरिटी (लहरीची दिशा) उलटी करावी लागते. विसरलात तर दोन्ही आवाज एकमेकांना खातात आणि स्नेअर पुठ्ठ्यासारखा वाजतो. दोन्ही ओव्हरहेड स्नेअरपासून सारख्या अंतरावर हवेत. दोरी लावून मोजा, डोळ्यानं नको. नाहीतर स्नेअर एका कानाकडे सरकतो.

यानंतर एडिटिंग होतं, हे खरंच. पण ते कॉम्प्युटरनं आणलेलं पाप नाही. दोन इंची टेप असतानाही चांगल्या टेकचे (एका दमात वाजवलेल्या रेकॉर्डिंगचे) तुकडे ब्लेडनं कापून पट्टीनं जोडत. सॅम्पलही, म्हणजे आधी रेकॉर्ड केलेला एकेक ठोकाही, मिसळतात, आणि त्याला कारण आहे. २०० बीपीएमवर (मिनिटाला २०० मात्रा) डबल बेसचे, म्हणजे दोन्ही पायांनी वाजवलेल्या किकचे, सोळांश (मात्रेला चार ठोके) म्हणजे सेकंदाला तेरा ठोके, दोन ठोक्यांत ७५ मिलिसेकंद. किकचा खरा घुमार तेवढ्यात विरत नाही, पुढच्या ठोक्यावर चढतो आणि खाली नुसता चिखल होतो. म्हणून खऱ्या ठोक्याखाली एक छोटं, टणक सॅम्पल ठेवतात. चूक होते ती एकच सॅम्पल एकाच जोरानं शंभर वेळा लावल्यावर. तेव्हा किक मशीनगनसारखी वाजते. दुसरी चूक म्हणजे ठोका सरकवताना झांजेची शेपूट कापली जाणं. हेडफोनवर ‘गप्प’ असा घोट ऐकू आला, तर समजा तिथे क्रॉसफेड (दोन तुकडे एकमेकांत विरवणं) राहिलाय.

गिटारची “कॉपी-पेस्ट” तर तांत्रिकदृष्ट्याच चुकलेली गोष्ट आहे. एकच टेक कॉपी करून डावीकडे आणि उजवीकडे ठेवला, तर तुम्हाला रुंदी मिळत नाही. दोन्ही बाजू हुबेहूब असल्यानं कानाला मधोमध एकच गिटार ऐकू येते, फक्त थोड्या मोठ्या आवाजात. एक बाजू काही मिलिसेकंद मागे सरकवण्याची युक्ती करून पाहा आणि मग गाणं मोबाइलच्या एकाच स्पीकरवर, मोनोत ऐका. आवाज पोकळ, नळीतून आल्यासारखा होतो. मेटलची ती भिंत उभी राहते तीच मुळी रिदम दोनदा, कधी चारदा, खरोखर वाजवल्यानं. दोन टेकमधला केसाइतका फरक म्हणजे ती रुंदी.

म्हणून मैफलीत स्टेजवर असतो त्यापेक्षा स्टुडिओत गेन (डिस्टॉर्शन वाढवणारं बटण) कमी ठेवतात. चार थर एकावर एक आले की डिस्टॉर्शन आपोआप साचतं. प्रत्येक थरात पूर्ण गेन दिला तर पाम म्यूटचा (तळहातानं तारा दाबून काढलेला) ठोका हरवतो आणि उरते मधमाशांची भुणभुण. गिटारचा ८० हर्ट्झच्या आसपासचा तळ कापून ती जागा बेसला द्यायची. स्पीकरच्या मध्यापासून माइक एक-दोन सेंटिमीटर कडेला सरकवला, तरी जो फरक पडतो तो नंतर इक्वलायझरनं आणताना नाकी नऊ येतात. आणि तारा. ई स्टँडर्डला (गिटारची नेहमीची जुळणी) १० ते ४६ चा सेट (तारांची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) चालतो. तोच सेट बी पर्यंत उतरवला तर तार लोंबते आणि जोरात स्ट्रोक दिला की सूर वर उडून मग खाली बसतो. तिथे ६० च्या आसपासची जाड तार लागते, आणि ती बदलली की बाराव्या परद्यावर इंटोनेशन (परद्यावरचा सूर नेमका लागणं) पुन्हा बसवायचं.

इथे सब्बाथचा गिटारवादक टोनी आयोमी याचं उदाहरण द्यावंच लागतं. सतराव्या वर्षी बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे परद्यांवर फिरणारा हात तोच. त्यानं प्लास्टिक वितळवून बोटांना टोपणं केली, हलक्या तारा लावल्या, आणि १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’वर गिटार तीन सेमीटोन खाली उतरवली. पुढच्या पिढ्या ज्याला ‘हेवी’ म्हणतात तो आवाज बराचसा त्या सैल तारांतून आलाय. आवाजाच्या बटणाचा त्यात फारसा हात नाही.

त्याच बटणाबद्दल मेसेजमधला सगळ्यात घातक दावा आहे : आवाज वाढवला की हेवी. यावर एवढा उघड धडा मिळालेला असताना लोक अजून हे लिहितात याचं नवल वाटतं. मेटॅलिकाचा ‘डेथ मॅग्नेटिक’ १२ सप्टेंबर २००८ ला आला. निर्माता रिक रुबिन, मिक्स (सगळे ट्रॅक एकत्र जुळवणं) ग्रेग फिडेलमनचा. सीडी ऐकताना ड्रमच्या ठोक्यांवर करकर येत होती. त्याच सुमाराला ‘गिटार हीरो’ या व्हिडिओ गेममध्ये हीच गाणी आली आणि ती मोकळी, स्वच्छ वाजत होती, कारण गेमला दिलेल्या ट्रॅकवर शेवटचं दाबकाम झालेलं नव्हतं. लोकांनी दोन्हींचे वेव्हफॉर्म शेजारी ठेवले : एकीकडे डोंगर-दऱ्या, दुसरीकडे सपाट वीट. अल्बम पुन्हा मिक्स करा, या मागणीवर दहा हजारांहून जास्त चाहत्यांनी सह्या केल्या. मास्टरिंग (मिक्सवरचा शेवटचा हात) करणाऱ्या टेड जेन्सननं तेव्हा स्पष्ट केलं, की मिक्स त्याच्याकडे आले तेव्हाच दाबून सपाट झालेले होते.

हे घडतं कसं ते पाहा. डिजिटलमध्ये शून्य डेसिबल हे छत आहे, त्याच्या वर काही जात नाही. सरासरी वर ढकलायची तर लिमिटर ठोक्यांची टोकं छाटतो. थोडी छाटली तर गाणं घट्ट बसतं. जास्त छाटली तर स्नेअरचा ठोका आणि गिटारची भिंत सारख्याच उंचीची होतात, मग ठोका लागतच नाही. सराफ्यात रबडी आटवणाऱ्याला हे सांगावं लागणार नाही. दूध आटतं तशी गोडी येते, पण तळाला लागलं की तो वास अख्ख्या कढईला चढतो. वरून केशर टाकून जात नाही. जेन्सनच्या हाती आली ती लागलेली कढई.

आणि आता तर या दाबकामाचा व्यावहारिक फायदाही उरलेला नाही. स्पॉटिफाय मुळातल्या सेटिंगवर प्रत्येक गाणं उणे १४ लफ्सच्या (सरासरी आवाजाचं माप) आसपास आणून वाजवतं. तुम्ही उणे ६ ला मास्टर केलंत तर ते ८ डेसिबल खाली ओढलं जाणार. शेजारी उणे ११ चं गाणं ३ डेसिबल खाली येईल, सरासरीला दोन्ही सारखीच वाजतील, फक्त दुसऱ्याचे ठोके शाबूत असतील. मिक्स मास्टरिंगला पाठवताना मास्टर बसवरचा (सगळे ट्रॅक एकत्र येतात तो चॅनल) लिमिटर काढा, सर्वोच्च टोक उणे ३ ते उणे ६ डेसिबल ठेवा, २४ बिट वेव्ह द्या. शेवटच्या मास्टरचं ट्रू पीक उणे १ वर थांबवा, नाहीतर एमपी३ किंवा एएसी होताना टोकं पुन्हा फाटतात. दुसरं टोकही आहे : आयर्न मेडनच्या स्टीव्ह हॅरिसनं २००६ चा ‘अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ’ मास्टरिंग न करताच, मिक्स झाला तसा काढला. प्रत्येकानं ते करावं असं आमचं मत नाही. मिक्स तेवढा पक्का लागतो.

विनाइलबाबत (एलपी, म्हणजे रेकॉर्डप्लेअरवरच्या तबकड्या) मेसेज अर्धा बरोबर आहे, हे कबूल. सीडीच्याच मास्टरवरून कापलेल्या आळशी एलप्या बाजारात पुष्कळ आहेत. पण “छापणं” म्हणजे काय ते बघा. ३३ आरपीएमच्या (मिनिटाला ३३ फेरे) एलपीच्या एका बाजूला साधारण २२ मिनिटं सुखानं मावतात. त्याहून जास्त भरलं की खाचा जवळ घ्याव्या लागतात, म्हणजे लेव्हल आणि बेस कमी. शिवाय बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच जाते, आत लेबलपाशी जेमतेम २१. म्हणून बाजूचं शेवटचं गाणं सगळ्यात आधी ‘स’ आणि ‘श’वर फाटतं. १५० हर्ट्झच्या खालचा बेस मोनो करावा लागतो, नाहीतर सुई उडते. विटेसारखा मास्टर दिला तर कापणारा इंजिनिअर लेव्हल उतरवतो, म्हणजे दाबून मिळवलेला आवाज तिथेच गेला.

मेडनचा ‘सेंजुत्सू’ सुमारे ८२ मिनिटांचा आहे. एका सीडीत मावत नाही म्हणून दोन सीडी, आणि विनाइलवर तीन एलपी. हिशेबानं चार बाजूंत कसाबसा बसला असता, पण शेवटची तिन्ही गाणी दहा-दहा मिनिटांच्या वर आहेत. गाणं मधे तोडता येत नाही. सहा बाजू केल्या की बाजूला सरासरी चौदा मिनिटंही होत नाहीत, खाचा ऐसपैस बसतात. इंदूरला हा प्रश्न नवा नाही. उस्ताद अमीर खाँसाहेबांच्या एलपीवर एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी आहे; अतिविलंबितात निवांत बढत करणाऱ्या गवयालाही त्या चकतीनं मिनिटं मोजायला लावली होती.

कापल्यावर पुढे : अ‍ॅल्युमिनिअमवर लाखेसारखा थर दिलेली लॅकर, तिच्यावर चांदी, मग निकेलचा मुलामा, त्यातून फादर, मदर (मधले साचे) आणि शेवटी एलप्या दाबणारा साचा, स्टँपर. मग टेस्ट प्रेसिंग. ते ऐकताना किमान दोन प्रती घ्या. दोन्हींत टक् एकाच जागी आली तर दोष स्टँपरचा किंवा त्याच्या मागचा. जागा वेगळ्या असतील तर त्या प्रतीची धूळ. लांब सूर डुलत असेल तर भोक मध्यावर नाही. ६ फेब्रुवारी २०२० ला कॅलिफोर्नियातला अपोलो मास्टर्सचा कारखाना जळाला आणि लॅकर बनवणारं जगात जपानमधलं एकच ठिकाण उरलं. नुसतं “छापायचं” असतं तर त्यामुळे इतक्या लोकांची झोप उडाली नसती. तुम्ही मागवलेली एलपी मे महिन्यात बंद गाडीत ठेवू नका, हे जाता जाता. ६० अंशांच्या आसपास पीव्हीसी (एलपीचं प्लास्टिक) वाकतं आणि इंदूरच्या उन्हात काचा लावलेल्या गाडीला तेवढं गाठायला वेळ लागत नाही.

दोन वर्षांच्या “नाटका”वर फार लिहीत नाही. ‘सेंजुत्सू’ २०१९ मध्ये पॅरिसला रेकॉर्ड झाला आणि ३ सप्टेंबर २०२१ ला आला. मधे महामारी होती. त्याआधीचा ‘द बुक ऑफ सोल्स’ २०१४ अखेरीस तयार असूनही सप्टेंबर २०१५ पर्यंत थांबला, कारण मेडनचा गायक ब्रूस डिकिन्सन याच्या जिभेवरच्या कर्करोगावर उपचार चालू होते. गायकाची जीभ हे मार्केटिंग नव्हे.

राहिलं ते रिलीजचं बटण. निकोटीनसारखा मेटल बँड ज्या शहरानं दिला, तिथे आजही नवी पोरं गाणी काढतायत, त्यांच्या कामाचं म्हणून लिहितो. जगभर अल्बम शुक्रवारी येतात, ही पद्धत १० जुलै २०१५ पासूनची. डिस्ट्रिब्युटरकडे (गाणी सगळ्या सेवांवर पोचवणारी कंपनी) सगळं तीन-चार आठवडे आधी चढवा. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं पाठवायचं तर निदान सात दिवस आधी, तेही न आलेलंच चालतं. प्रत्येक ट्रॅकला बारा अक्षरांचा आयएसआरसी (त्या रेकॉर्डिंगचा ओळख-क्रमांक), अल्बमला एक यूपीसी (अख्ख्या अल्बमचा क्रमांक). नवा मिक्स किंवा लाइव्ह टेक असेल तर नवा आयएसआरसी. जुनाच लावलात तर मोजणी आणि पैसे चुकीच्या रेकॉर्डिंगवर जातात. कव्हर चौकोनी, ३००० बाय ३००० पिक्सेल. बँडचं स्पेलिंग दर वेळी अक्षरन् अक्षर तेच, नाहीतर दोन प्रोफाइल तयार होतात आणि ती जोडताना महिने जातात. कुणी काय लिहिलं, कुणी चाल दिली, कुणाचे किती टक्के हे कागदावर आधी ठरवा आणि गीतकार-संगीतकारांनी आयपीआरएसचं (त्यांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) सभासदत्व घ्या. शुक्रवारी सकाळी पोस्टर टाकण्याआधी प्रत्येक सेवेवर अल्बम पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत ऐका. चुकीची वेव्ह फाइल चढलेली त्याच दिवशी सापडली, तर ती बदलून घेता येते.