आलेख जुळला म्हणून प्राचले खरी ठरत नाहीत

नियंत्रण प्रणालींवर काम करणाऱ्यांमध्ये एक विधान वारंवार पुढे पाठवले जाते: ‘मॉडेलचा आलेख मोजमापांशी जुळला की प्राचले मिळाली, शंका उरलीच तर डेटा वाढवा, चांगला सेन्सर लावा. सममिती वगैरे ही गणितज्ञांची हौस.’ (प्राचले म्हणजे मॉडेलमधले रोध, जडत्व यांसारखे मोजमापांवरून काढायचे स्थिरांक.) डीसी मोटरच्या अगदी साध्या मॉडेलसमोरही हे विधान टिकत नाही.

आधी ‘आलेख जुळला’ हा मुद्दा घेऊ. मोटरला व्होल्टेज द्यायचे आणि फक्त वेग मोजायचा, असे समजा. रोध 2 ओहम, इंडक्टन्स 0.01 हेन्री, आणि एसआय एककांत जडत्व 0.02, घर्षणाचा गुणांक 0.004 व मोटरचा स्थिरांक (प्रवाहाला टॉर्कशी जोडणारा) 0.1 आहे. आता रोध आणि इंडक्टन्स निम्मे करा, जडत्व आणि घर्षण दुप्पट करा, स्थिरांक तसाच ठेवा. विद्युतप्रवाह दुप्पट होतो, त्यामुळे टॉर्कही (फिरवणारा जोरही) दुप्पट होतो. पण तो दुप्पट जडत्व आणि दुप्पट घर्षण यांच्यावर खर्च होतो, आणि वेगाचा आलेख केसभरही हलत नाही. दोनऐवजी कोणताही धन गुणक घेतला तरी हेच घडते. प्राचले बदलूनही मोजलेला आलेख तसाच ठेवणाऱ्या अशा बदलाला सममिती म्हणतात. अशा वेळी सॉफ्टवेअर जे एक उत्तर छापते, ते बहुधा आपण दिलेल्या सुरुवातीच्या अंदाजावर ठरलेले असते.

डेटा वाढवूनही सुटका नाही, कारण ही सममिती व्होल्टेज कसेही बदलले तरी लागू राहते आणि मोजमापातला गोंगाट शून्यावर आणला तरी मोडत नाही. दोष मॉडेलची रचना आणि मोजायच्या राशीची निवड यांच्यात आहे. संरचनेतून येणारी ही अडचण बेलमन आणि ऑस्ट्रॉम या संशोधकांनी 1970 मध्येच एकत्रितपणे मांडली होती.

‘हौस’ म्हणणाऱ्यांनी पुढचा हिशेब करून पाहावा. व्होल्टेजपासून वेगापर्यंतच्या ट्रान्स्फर फंक्शनमधून (दिलेल्या व्होल्टेजवरून वेग सांगणाऱ्या सूत्रातून) तीनच स्वतंत्र सहगुणक हाती येतात आणि प्राचले पाच आहेत, म्हणजे मोकळीक दोन मितींची आहे, अर्थात आलेख न बदलता प्राचले दोन स्वतंत्र प्रकारे बदलता येतात. वरच्या गुणकाने त्यातली एकच मिती उघड होते. दुसरी मिळवण्यासाठी न मोजलेल्या प्रवाहात वेगाचा काही हिस्सा मिसळणारी रूपांतरे तपासावी लागतात, आणि गणितज्ञ ली यांच्या, अशा सलग बदलांचा अभ्यास करणाऱ्या सममिती-सिद्धान्ताचा उपयोग नेमका तिथे होतो. म्हणून केवळ गुणकांची चाचणी घेऊन ‘आता सगळे ठीक’ असे म्हणणेही घाईचे ठरेल. मल्टिमीटरने रोध मोजून घेतला, तरी एक मिती मोकळीच राहते.

विधानाच्या बाजूने एवढे मान्य करायला हवे की केवळ वेगाचे भाकीत हवे असेल, तर या मोकळिकीने काही बिघडत नाही. मात्र वाइंडिंग (मोटरमधली तारेची गुंडाळी) किती तापेल हा प्रश्न असेल, तर वरच्या उदाहरणात दोन्ही संचांतली उष्णता दुपटीने वेगळी येते. अशा वेळी वेगाबरोबर प्रवाहही मोजावा: प्रवाह दिसू लागला की त्याला गुणण्याची किंवा त्यात वेग मिसळण्याची मुभा उरत नाही, आणि व्होल्टेज पुरेसे बदलते ठेवले असेल तर पाचही प्राचले एकमेव ठरतात.